चर्चमध्ये अभंगाची चाल आणणारे रेव्हरंड टिळक कोण होते?

टिटवाळ्याहून मुंबईकडे जाणारी लोकल पकडली की आंबिवली, शहाड आणि मग कल्याण. याच कल्याणमध्ये एका कोकणस्थ ब्राह्मण मुलाचं सुरुवातीचं शिक्षण झालं. पुढे हा मुलगा ख्रिस्ती झाला आणि त्याने मराठी चर्चचं गाणंच बदललं.

नाव नारायण वामन टिळक. हे लोकमान्य नव्हेत. शाळेत ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता पाठ केली असेल, तर ती यांचीच.

टिळकांचा जन्म 1861 चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. लहानपणीच आई गेली. मग ते नाशिकला आले आणि गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकले.

1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला. 10 फेब्रुवारी 1895 ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. याची मोठी किंमत मोजावी लागली. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या त्या ह्याच.

मग गाण्याचा प्रश्न कुठे आला?

टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम करू लागले. तिथल्या उपासनेत बरीच गाणी इंग्रजी गीतांची भाषांतरं असत आणि चालही परदेशी असे. इंग्रजी चाल शब्दांतल्या आघातावर चालते, तर मराठी पद्य ऱ्हस्व-दीर्घ आणि अक्षरसंख्येवर. त्यामुळे मराठी शब्द भलतीकडेच तुटायचे. खेड्यातल्या माणसाला अशी गाणी आपली वाटणार कशी?

टिळकांच्या आधीही काही मराठी ख्रिस्ती कवींनी देशी चालींत पदं लिहिली होती. टिळकांनी ते काम खूप पुढे नेलं. त्यांनी ख्रिस्तभक्तीचे अभंग, भजनं आणि पदं लिहिली, कीर्तनं केली. अभंगाचा फायदा साधा होता. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी धरायची. पुस्तक हातात नसलं, वाचता येत नसलं तरी गाता येतं.

भजन-कीर्तन म्हणजे सोडून आलेल्या धर्माचीच खूण, असं वाटणारेही चर्चमध्ये होते. टिळकांना मात्र तुकाराम सोडायचे नव्हते. आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो ते तुकारामांमुळेच, असं ते मानत.

शेवटची वर्षं

1909 मध्ये त्यांनी ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतलं. ख्रिस्ताचं चरित्र, तेही ओवीत. 1917 मध्ये मिशनचं काम सोडून ते संन्यासी म्हणून राहू लागले आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तिथे जागा होती.

9 मे 1919 ला मुंबईत त्यांचं निधन झालं. ‘ख्रिस्तायन’ अपुरंच राहिलं. ते पूर्ण केलं लक्ष्मीबाईंनी. ज्या धर्मांतरामुळे एकेकाळी त्यांचा संसार मोडायला आला होता, त्याच श्रद्धेचं काव्य त्यांनी शेवटास नेलं.

टिळकांचं चर्च प्रोटेस्टंट होतं. कॅथलिक चर्चमध्ये तेव्हा मिस्सा लॅटिनमध्येच होत असे. 1963 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्थानिक भाषा आणि स्थानिक संगीताला वाट मोकळी केली. तोवर टिळकांना जाऊन 44 वर्षं झाली होती.

मराठी चर्चमधल्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात टिळकांची गीतं आजही आहेत आणि ती गायली जातात.