राजा सर टी. माधवराव : परमुलखाला आपले मानणारा दिवाण

तिरुवनंतपुरम येथे केरळच्या सचिवालयासमोर एका मराठी गृहस्थाचा पुतळा उभा आहे. त्या पुतळ्यावरून तेथील चौकालाच ‘स्टॅच्यू’ असे नाव पडले आहे. रोज त्या नावाचे तिकीट काढून बसमधून उतरणाऱ्या किती जणांना हे गृहस्थ मराठी होते हे ठाऊक असेल, कोण जाणे! हे गृहस्थ म्हणजे त्रावणकोर संस्थानचे दिवाण राजा सर टी. माधवराव. नावाआरंभीचे ‘टी’ हे अक्षर तंजावरचे.

माधवरावांचा जन्म 20 नोव्हेंबर 1828 रोजी कुंभकोणम येथे, तंजावरच्या मराठी राज्याबरोबर दक्षिणेत स्थिरावलेल्या देशस्थ परंपरेतील घराण्यात झाला. वडील रंगराव आणि चुलते व्यंकटराव या दोघांनीही त्रावणकोरची दिवाणगिरी भूषविली होती. शिक्षण मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईत, पॉवेल या नामवंत गुरूंच्या हाताखाली झाले. गणित व विज्ञान हे त्यांचे आवडीचे विषय. 1846 मध्ये ते पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले व पुढे मद्रासच्या महालेखापालांच्या कचेरीत रुजू झाले.

1849 मध्ये त्रावणकोरच्या राजपुत्रांना शिकविण्यासाठी त्यांना बोलावणे आले. वय अवघे विशीचे. कावेरीकाठी जन्मलेला हा तरुण सह्याद्रीपलीकडच्या पश्चिम किनाऱ्यावर आला. तेथील भाषा मलयाळम, पाऊस धुवांधार, प्रवास खाडीतल्या नावांतून आणि वैभव नारळ-मिरीचे. घराण्याची पूर्वओळख पाठीशी होती. परंतु ओळख म्हणजे आपुलकी नव्हे. आपुलकी त्यांना कामातून कमवावी लागली. सुमारे चार वर्षे अध्यापन केल्यावर ते महसूल खात्यात गेले. दक्षिण विभागाचे पेशकार या नात्याने त्यांनी गावोगावची शेती, बाजार आणि रयतेची गाऱ्हाणी जवळून पाहिली.

1857 च्या अखेरीस, एकोणतिसाव्या वर्षी, दिवाणपदाची जबाबदारी त्यांच्यावर आली. खजिना रिता होता, कर्ज वाढलेले होते आणि नोकरांचे पगार तुंबले होते. त्यांनी करांचा बोजा वाढविला नाही. उलट व्यापाराची कोंडी फोडली. मिरीची सरकारी मक्तेदारी संपविली, पुढे तंबाखूचीही. 1863 पर्यंत संस्थान कर्जमुक्त झाले. 1865 च्या जाहीरनाम्याने सरकारी जमीन कसणाऱ्या कुळांना तिच्यावर मालकी हक्क मिळाला. किनाऱ्याला समांतर पसरलेल्या खाड्या कालव्यांनी जोडण्याचे काम पुढे सरकले. वाटेत आडव्या येणाऱ्या वर्कलाच्या टेकडीतून नावा जाव्यात म्हणून बोगदे खोदण्याचे काम त्यांच्याच काळात हाती घेतले गेले. आलप्पुळा बंदरात 1862 मध्ये दीपगृह उजळले. शाळा, रस्ते, न्यायालये वाढली आणि त्रावणकोर आदर्श संस्थान म्हणून ओळखले जाऊ लागले. 1866 मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

सर्व पाने उजळ नव्हती. चन्नार स्त्रियांना अंगावर वस्त्र घेण्याच्या हक्कासाठी झगडावे लागले. 1859 मध्ये त्यांना जी मर्यादित मुभा मिळाली, ती मद्रास सरकारच्या दबावानंतर. जुन्या रूढींपुढे हे कर्तबगार प्रशासनही कचरले, हे चरित्र सांगताना लपवू नये.

ज्यांना अक्षरे शिकविली त्या आयिल्यम तिरुनाळ महाराजांच्या हाताखालीच 1860 पासून माधवराव कारभार करीत होते. परंतु पुढे राजा व दिवाण यांच्यात अविश्वासाची भिंत उभी राहिली आणि 1872 मध्ये माधवरावांनी पद सोडले. आयुष्याची तेवीस वर्षे ज्या भूमीला दिली, ती गुरूला शिष्यामुळे सोडावी लागली. शिक्षकाच्या मनाला याहून मोठी कसोटी कोणती असेल? तरीही त्यांनी लावलेली व्यवस्था त्यांच्यामागे टिकली. वर्कलाच्या बोगद्यांचे काम त्यांच्या जाण्यानंतर पुरे झाले. त्यांचे दुसरे शिष्य विशाखम तिरुनाळ 1880 मध्ये गादीवर आले. केरळच्या गरिबाघरच्या ताटात टॅपिओकाचा कंद रुजविण्याचे श्रेय त्यांनाच दिले जाते.

पुढे माधवरावांनी इंदूरची दिवाणगिरी केली. 1875 ते 1882 या काळात बडोद्याचा कारभार सांभाळून बाल सयाजीरावांसाठी राज्याची घडी बसविली आणि राज्यकारभारावर त्यांना व्याख्याने दिली. 1877 मध्ये ‘राजा’ ही पदवी मिळाली. उत्तरायुष्यात ते मद्रासच्या मैलापुरात राहिले. 1887 च्या मद्रास काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते. 4 एप्रिल 1891 रोजी त्यांचे देहावसान झाले.

आपल्या शाळेचे विद्यार्थी आज चेन्नईपासून परदेशापर्यंत विखुरले आहेत. परमुलखात गेलेले मूल आपली भाषा विसरेल काय, ही पालकांची चिंता रास्त आहे. माधवरावांचे चरित्र तिच्याबरोबर आणखी एक प्रश्न ठेवते : ज्या गावाचे पाणी आपण पितो, त्या गावाला आपण काय देतो? त्यांनी परक्या किनाऱ्याला आयुष्याची उमेदीची वर्षे दिली. त्या किनाऱ्याने आपल्या राजधानीच्या मध्यभागी त्यांना कायमची जागा दिली. मुळे आपल्या मातीत आणि सावली जिथे असू तिथल्या माणसांना, एवढे जरी आपल्या विद्यार्थ्यांना साधले, तरी साठ वर्षांच्या या विद्यादानाचे सार्थक झाले असे मी मानीन.