पूर्वप्रतिबलित काँक्रीटचे जनक : यूजेन फ्रेसिने

खेड्यापाड्यांतील विजेचे अनेक सिमेंटचे खांब, रेल्वेमार्गावरील काँक्रीटचे स्लीपर आणि मोठ्या नद्यांवरील असंख्य पूल यांच्या पोटात ताणून बसवलेल्या पोलादी तारा असतात. बाहेरचा भार येण्याआधीच काँक्रीटला दाबून धरण्याचे काम या तारा करतात. या तंत्राला पूर्वप्रतिबलित किंवा प्रीस्ट्रेस्ड काँक्रीट असे म्हणतात. ते कल्पनेतून व्यवहारात आणण्याचे श्रेय फ्रान्समधील स्थापत्य अभियंते यूजेन फ्रेसिने यांच्याकडे जाते. काँक्रीट आणि पोलाद हे दोन्ही पदार्थ भाराखाली वर्षानुवर्षे संथपणे बदलत राहतात, ही गोष्ट ज्या काळी बहुतेकांना मान्य नव्हती, त्या काळी त्यांनी ती ओळखली आणि तिच्या आधारे बांधकामाची एक नवी पद्धत उभी केली.

फ्रेसिने यांचा जन्म 13 जुलै 1879 रोजी फ्रान्सच्या कोरेझ प्रांतातील ऑब्झा या गावी झाला. हा प्रदेश डोंगराळ आणि गरीब होता. लागणारी बहुतेक अवजारे तेथील शेतकरी स्वतःच तयार करीत. कुटुंब पॅरिसला स्थलांतरित झाल्यानंतरही या कारागिरीचा संस्कार फ्रेसिने यांच्या मनावर कायम राहिला. 1899 मध्ये त्यांना एकोल पॉलिटेक्निक या प्रतिष्ठित संस्थेत प्रवेश मिळाला. पुढे पूल व रस्ते बांधणीचे शिक्षण देणाऱ्या एकोल दे पाँ-ए-शोसे या संस्थेत त्यांना शार्ल राब्यू हे अध्यापक लाभले. सलोह काँक्रीट हा त्या वेळी नवा विषय होता. राब्यू यांची व्याख्याने ऐकत असतानाच, काँक्रीटला आधीच दाबून ठेवता येईल काय, हा विचार फ्रेसिने यांच्या मनात आला.

या विचारामागील कारण साधे होते. काँक्रीट दाब उत्तम सहन करते, मात्र ताण सहन करण्याची त्याची शक्ती अल्प असते. तुळईवर भार पडला की तिची खालची बाजू ताणली जाते आणि तेथे तडे जातात. सलोह काँक्रीटमध्ये लोखंडी सळ्या हा ताण स्वतःवर घेतात, परंतु तडे पूर्णपणे थांबत नाहीत. याउलट, ताणलेल्या तारांनी काँक्रीट आधीच आवळून ठेवले, तर भाराने निर्माण होणारा ताण प्रथम तो दाब कमी करण्यात खर्ची पडेल आणि तडे जाणार नाहीत, अशी ही कल्पना होती.

शिक्षण पूर्ण झाल्यावर 1905 मध्ये फ्रेसिने यांची नेमणूक मध्य फ्रान्समधील मूलँ येथे झाली. तेथे आलिए नदीवर ल व्हर्द्र या ठिकाणी नवा पूल बांधावयाचा होता. जवळच बुतिरों आणि शातेल-द-नव्हर येथील पूलही बदलणे आवश्यक होते. एका पुलाच्या अंदाजित खर्चात तिन्ही पूल बांधून देण्याची योजना फ्रेसिने यांनी तयार केली. फ्रांस्वा मर्सिए या कंत्राटदाराने त्यासाठी पैसा लावण्याची तयारी दर्शवली. तिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या अभियंत्यावर आराखड्यापासून प्रत्यक्ष बांधकामापर्यंतची सर्व जबाबदारी आली.

ल व्हर्द्रच्या तीन कमानी सुमारे 70 मीटर लांबीच्या आणि अतिशय चपट्या होत्या. काम सुरू करण्यापूर्वी 50 मीटरची एक चाचणी कमान उभारण्यात आली. तिची दोन्ही टोके एकमेकांपासून दूर सरकू नयेत म्हणून ती काँक्रीटच्या पट्ट्याने जोडली होती आणि त्या पट्ट्यात ताणलेल्या पोलादी तारा बसवल्या होत्या. पूर्वप्रतिबलनाचा त्यांचा हा पहिला मोठा प्रयोग होता. पुलाच्या कमानी सेंट्रिंगवरून सोडवण्यासाठीही त्यांनी नवी रीत वापरली. कमानीच्या माथ्यावर जागा ठेवून तेथे जॅक लावण्यात आले. जॅकच्या जोराने कमानीचे दोन्ही भाग उचलले गेले आणि त्या अलगद सेंट्रिंगपासून सुटल्या.

पूल तयार झाला, चाचणीत उतरला आणि वाहतूकही सुरू झाली. मात्र 1911 मध्ये, काही महिन्यांतच, कमानींचे माथे खाली जात असल्याचे दिसू लागले. पुलाचे सरळ कठडे नजरेला वाकलेले दिसू लागले. माथे दहा सेंटिमीटरहून अधिक खचले होते आणि खचणे थांबण्याचे चिन्ह नव्हते. चपट्या कमानीत लांबी थोडी जरी कमी झाली, तरी माथा बराच खाली येतो. हे असेच चालू राहिले असते तर पूल कोसळण्याचा धोका होता.

काँक्रीटची लवचिकता कायम सारखी राहते असे गृहीत धरून त्या काळी गणिते केली जात. फ्रान्समध्ये 1906 साली लागू झालेले शासकीय नियमही त्याच समजुतीवर आधारलेले होते. भार आला की काँक्रीट ठरावीक प्रमाणात आखडते आणि तेथेच थांबते, असे हे गणित सांगत होते. डोळ्यांसमोरचा पूल वेगळेच सांगत होता. वरिष्ठांची परवानगी मिळेपर्यंत थांबणे फ्रेसिने यांना शक्य वाटले नाही. एका रात्री ते सायकलवरून ल व्हर्द्रला पोहोचले. विश्वासातील मोजक्या माणसांना उठवून त्यांनी माथ्यावरील जागेत पुन्हा जॅक बसवले, कमानी उचलून पूर्ववत केल्या आणि माथ्यावरील सांधे काँक्रीटने कायमचे भरून टाकले. पूल वाचला. पुढे दुसऱ्या महायुद्धात, 1944 मध्ये, तो नष्ट करण्यात आला.

या घटनेने फ्रेसिने यांच्या विचाराला दिशा दिली. सतत दाबाखाली असलेले काँक्रीट दीर्घकाळ संथपणे आखडत राहते. अभियांत्रिकीच्या परिभाषेत या क्रियेला विसर्पण किंवा क्रीप असे म्हणतात. याखेरीज काँक्रीट सुकताना आकसते, ते वेगळेच. मात्र याच शोधाने त्यांच्या आवडत्या कल्पनेसमोर मोठी अडचण उभी केली. तारांनी आवळलेले काँक्रीट कालांतराने आखडणार असेल, तर तारा सैल पडणार आणि आधी दिलेला दाब नाहीसा होणार. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत आणि जर्मनीत काहींनी अशा पद्धतीची पेटंटे घेतली होती, पण त्यांचे प्रयत्न याच कारणाने फसले होते.

पहिल्या महायुद्धामुळे हा अभ्यास मागे पडला. युद्धानंतर क्लोद लिमूझँ यांच्या कंपनीत काम करताना फ्रेसिने यांनी काँक्रीटच्या भव्य रचना उभारल्या. पॅरिसजवळील ऑर्ली येथे वायुनौकांसाठी 1921 ते 1923 या काळात बांधलेल्या त्यांच्या दोन शाळा सुमारे 300 मीटर लांब होत्या. सेन नदीवरील सँ-पिएर-द्यु-व्होव्रे येथे त्यांनी 1923 मध्ये 130 मीटरहून अधिक लांबीची कमान बांधली. ब्रेस्ट शहराजवळील प्लुगास्तेल पूल त्यांच्या कमानींमध्ये सर्वांत प्रसिद्ध ठरला. 1930 मध्ये खुल्या झालेल्या या पुलाच्या तिन्ही कमानी प्रत्येकी 180 मीटरहून अधिक लांब होत्या. लाकडाचे एकच प्रचंड सेंट्रिंग पाण्यावर तरंगवत नेऊन तिन्ही कमानींसाठी वापरण्यात आले.

प्लुगास्तेलच्या कामाबरोबरच त्यांनी काँक्रीटच्या संथ हालचालीची पद्धतशीर मोजणी केली. काँक्रीटचे आखडणे कायम त्याच वेगाने चालू राहत नाही, त्याचा वेग हळूहळू मंदावतो आणि त्याचे एकूण प्रमाण आधी अंदाजता येते, हे त्यातून स्पष्ट झाले. आता प्रश्न पोलादाचा होता. साधी लोखंडी सळई तिला झेपेल इतकी ताणली, तर 1 मीटर लांबीमागे ती जेमतेम पाऊण मिलिमीटर वाढते. काँक्रीट मात्र काही वर्षांत मीटरमागे अर्धा ते एक मिलिमीटर आखडू शकते. म्हणजे सळईतील जवळजवळ सगळा ताण निघून जातो. उच्च शक्तीच्या पोलादी तारा याच्या अनेक पटींनी ताणता येतात आणि मीटरमागे सुमारे पाच मिलिमीटर वाढतात. त्यातील एक मिलिमीटर वजा झाला, तरी चार पंचमांश ताण शिल्लक राहतो. उत्तम प्रतीचे घट्ट काँक्रीट आणि अतिशय जोराने ताणलेले उच्च शक्तीचे पोलाद, हे या हिशेबाचे उत्तर होते. 2 ऑक्टोबर 1928 रोजी फ्रेसिने यांनी झाँ सेयाय यांच्यासह या पद्धतीचे पेटंट घेतले.

त्या वेळी फ्रेसिने 49 वर्षांचे होते. नाव झाले होते आणि उत्पन्नही चांगले होते. तरीही 1929 मध्ये त्यांनी लिमूझँ कंपनी सोडली आणि आपली सर्व पुंजी नव्या तंत्रात घातली. मोंतार्जी येथील कारखान्यात विजेच्या तारांसाठी पातळ भिंतीचे पोकळ खांब तयार होऊ लागले. काँक्रीट कंपनाने घट्ट करणे, वाफेच्या उष्णतेने लवकर कठीण करणे, तारा एकसारख्या ताणणे या क्रिया तेथे विकसित झाल्या. खांब उत्तम होते. मात्र जागतिक मंदी आली, मागणी थांबली आणि कारखाना बंद पडला. पन्नाशी ओलांडलेल्या फ्रेसिने यांच्या हाती पेटंटाखेरीज फारसे काही उरले नाही.

अशा स्थितीत 1934 मध्ये ल हाव्र बंदरातून संधी चालून आली. मोठ्या प्रवासी जहाजांसाठी तेथे बांधलेली नवी इमारत मऊ गाळात खचत चालली होती आणि तज्ज्ञांना मार्ग सापडत नव्हता. फ्रेसिने यांनी वेगवेगळे पाये नव्या काँक्रीटने जोडले आणि ताणलेल्या तारांनी आवळून त्यांचा एकसंध ठोकळा केला. पोकळ खांब जागेवरच तुकड्या-तुकड्याने तयार करून, इमारतीच्याच वजनाचा आधार घेत, ते जॅकने जमिनीत खोल दाबण्यात आले. खचणे थांबले. कारखाना चालवणाऱ्या फ्रेसिने यांना जे यश मिळाले नव्हते, ते या एका कामाने मिळाले. हे काम पाहून प्रभावित झालेले कंत्राटदार एद्म काँपनों यांनी आपल्या कंपनीची साधने त्यांच्यासाठी उपलब्ध करून दिली.

दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभीच्या वर्षांत त्यांनी चपटा जॅक आणि तारांची टोके पकडून ठेवणारा शंकूच्या आकाराचा गुटका ही दोन साधने तयार केली. या गुटक्यामुळे कोणत्याही बांधकामावर तारा ताणून पक्क्या करणे सोपे झाले. मार्न नदीवरील ल्युझान्सी येथील 55 मीटरचा पूल 1941 मध्ये सुरू झाला आणि युद्धामुळे 1946 मध्ये पूर्ण झाला. त्याचे भाग जमिनीवर तयार करून, तारांनी एकत्र आवळून जागेवर बसवण्यात आले. त्यानंतर त्याच नदीवर 1947 ते 1950 या काळात 74 मीटरचे पाच पूल उभे राहिले. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या युरोपात पोलादाची टंचाई होती. कमी पोलादात मोठे पूल बांधून देणारे हे तंत्र अल्पावधीत जगभर पसरले. लूर्द येथील 1958 चे भूमिगत चर्च हे त्यांच्या अखेरच्या काळातील महत्त्वाचे काम होय. 8 जून 1962 रोजी, वयाच्या 82 व्या वर्षी, फ्रेसिने यांचे निधन झाले.

स्वतंत्र भारतानेही हे तंत्र लवकर स्वीकारले. चेंगलपट्टूजवळ पालार नदीवर 1954 मध्ये पूर्ण झालेला पूल हा देशातील पहिल्या काही पूर्वप्रतिबलित पुलांपैकी एक होय. पुढे रेल्वेने लाकडी स्लीपरांच्या जागी पूर्वप्रतिबलित काँक्रीटचे स्लीपर मोठ्या प्रमाणावर बसवले. मोंतार्जीत ज्यांना ग्राहक मिळाला नव्हता, त्या खांबांच्या जातीचे खांब आज भारतातील गावोगावी वीज पोहोचवतात.

मात्र या तंत्राने बांधलेल्या रचना आपोआप टिकत नाहीत, हेही अनुभवाने सिद्ध झाले आहे. काँक्रीटमधील अल्कधर्मी गुणामुळे पोलाद गंजत नाही. पण खारट हवा आणि पाणी तारांपर्यंत पोहोचले, किंवा तारांच्या नळ्यांत भरलेल्या सिमेंटच्या लगद्यात पोकळी राहिली, तर गंज सुरू होतो. साध्या सळईचा गंज बाहेर तडे पाडून इशारा देतो. सतत प्रचंड ताणाखाली असलेली बारीक तार मात्र फारशी पूर्वसूचना न देता तुटू शकते. पणजी येथे मांडवी नदीवरील पूल 5 जुलै 1986 रोजी कोसळला, त्यामागे तारांचा गंज हे कारण होते. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे 11 सप्टेंबर 2024 रोजी कारोला पुलाचा एक भाग नदीत पडला, तेव्हाही ताणाखालील पोलादाला गेलेले तडे कारणीभूत ठरले.

पाटणा येथील गंगेवरचा महात्मा गांधी सेतू 1982 मध्ये खुला झाला. 5.575 किलोमीटर लांबीच्या या पुलाच्या गाळ्यांमध्ये मधोमध सांधे होते. अवजड वाहतुकीखाली तारांमधील ताण कमी होत गेला, काँक्रीटचे विसर्पण चालूच राहिले आणि सांध्यांपाशी पूल खाली झुकला. ल व्हर्द्र येथे एका रात्रीत जॅकने साधलेला उपाय येथे पुरेसा नव्हता. काँक्रीटचा वरचा सर्व भाग टप्प्याटप्प्याने उतरवून त्या जागी पोलादी सांगाडे बसवण्यात आले आणि हे काम 2022 मध्ये पूर्ण झाले.

आज पुलांचे आराखडे करताना काँक्रीटचे आखडणे आणि तारांच्या ताणातील घट यांचा हिशेब अनिवार्य असतो. नळ्यांतील लगदा काळजीपूर्वक भरणे, तारांवर पुरेशा जाडीचे काँक्रीट ठेवणे आणि पुलाच्या पातळीची ठरावीक काळाने मोजणी करणे, हे देखभालीचे भाग झाले आहेत. ल व्हर्द्रच्या प्रसंगानंतर फ्रेसिने यांनी बांधलेला बुतिरों येथील पूल मात्र दोन्ही महायुद्धांतून वाचला. शंभराहून अधिक वर्षांनंतरही तो आलिए नदीवर उभा आहे.