जावजी दादाजी: आधी अक्षर, मग छापखाना

समजा, घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या ऑफिसात वायफाय प्रिंटर आहे आणि कॉम्प्युटरवर लिनक्स. प्रिंटर जोडला, इंग्रजी नोटीस झकास निघाली. मराठी नोटिशीवर मात्र नुसते चौकोन! बिघाड प्रिंटरमध्ये आहे का? बहुतेक वेळा नाही. का, ते जावजी दादाजी चौधरी यांच्या आयुष्यातून छान कळतं.

जावजींचा जन्म १८३९ चा. घरची गरिबी, शिक्षण जेमतेम. पोरवयातच ते मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात टाइप घासायच्या कामाला लागले. शिशाचा खिळा ओतला की त्याच्या कडा खरबरीत राहतात, त्या घासून सरळ करायच्या. तिथे टॉमस ग्रॅहम देवनागरी टाइप घडवत. ते काम जावजींनी जवळून पाहिलं. पुढे टाइम्स ऑफ इंडिया, इंदुप्रकाश अशा ठिकाणी नोकऱ्या केल्या.

इंग्रजीत अक्षरं २६. मराठीत काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरं धरली की शेकडो खिळे लागायचे. प्रत्येकासाठी पोलादी ठसा कोरायचा, तो तांब्यात ठोकून साचा करायचा, मग त्यात शिसं ओतायचं. एक ठसा बिघडला की ते अक्षर प्रत्येक पानावर वेडंवाकडं!

म्हणून जावजींनी १८६४ मध्ये आधी टाइप ओतण्याचा कारखाना काढला. ठसे कोरण्यात तरबेज असलेले राणोजी रावजी आरू यांची त्यांना साथ मिळाली. स्वतःचा छापखाना, म्हणजे निर्णयसागर, आला पाच वर्षांनी, १८६९ मध्ये. त्याचं पंचांग घराघरात गेलं. १८८६ पासून काव्यमालेतून जुनी संस्कृत काव्यं छापून येऊ लागली. टाइप घासणाऱ्या पोराच्या छापखान्याची पुस्तकं देशोदेशीचे पंडित वापरू लागले. १८९२ मध्ये जावजी गेले, पण छापखाना पुढे चालू राहिला.

आता पुन्हा प्रिंटरकडे वळू. यंत्र वेगळं, अक्षर वेगळं, हे इथेही तसंच आहे.

१. आधी अक्षर. लिनक्सवर नोटो किंवा लोहित यांसारखा देवनागरी फॉन्ट टाका. जोडाक्षराचा योग्य आकार कॉम्प्युटर या फॉन्टमधूनच निवडतो.

२. मग यंत्र. लिनक्सवर छपाईचं काम कप्स नावाची प्रणाली बघते. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट:६३१ उघडा, अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये जाऊन प्रिंटर जोडा. नेटवर्कवर सापडलेल्या यादीतून आपला प्रिंटर निवडा. नवीन प्रिंटर असेल तर बहुधा वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

३. शेवटी छपाई. मजकूर आधी पीडीएफ करा, फॉन्ट त्यातच बसवला जातो. पीडीएफ उघडून जोडाक्षरं तपासा, मगच प्रिंट द्या.

पीडीएफमध्येच चौकोन दिसले तर प्रिंटर शंभर वेळा काढून जोडलात तरी उपयोग नाही. फॉन्ट बघा. पीडीएफ बरोबर असेल आणि कागदच चुकत असेल, तर मात्र प्रिंटरची सेटिंग तपासा.