विश्लेषण : मोगॅम्बो परतला तरी अमरीश पुरींच्या खुर्चीत बसणार कोण?

‘मिस्टर इंडिया’च्या पुढच्या भागाचा विषय निघाला की नायकाआधी खलनायकाची चौकशी होते. सुपरहिरोपटांत मेलेले खलनायक परत येतात, हे प्रेक्षकांना आता सवयीचे झाले आहे. इथे मात्र अडचण कथेची नाही. मोगॅम्बो साकारणारे अमरीश पुरी १२ जानेवारी २००५ रोजी मुंबईत गेले. तरीही म्हसवडच्या एसटी स्टँडवर उगाच हुकूम सोडणाऱ्याला कुणी मोगॅम्बो म्हटले, तर अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

चर्चा कुठून आली?

दिग्दर्शक अली अब्बास जफर यांनी २०२० मध्ये झी स्टुडिओजसोबत ‘मिस्टर इंडिया’ची तीन भागांची मालिका जाहीर केली. मूळ दिग्दर्शक शेखर कपूर यांनी त्यावर उघड नाराजी व्यक्त केली. तेव्हापासून तर्क सुरूच आहेत.

मोगॅम्बोआधीचे पुरी कोण होते?

सरकारी नोकर! २२ जून १९३२ रोजी पंजाबमधील नवांशहर येथे जन्मलेले पुरी थोरले भाऊ मदन पुरी यांच्या मागोमाग मुंबईत आले. नायकाच्या चाचणीत नापास झाले आणि कर्मचारी राज्य विमा महामंडळात चिकटले. सुमारे दोन दशके दिवसा कार्यालय, संध्याकाळी नाटकाची तालीम. सत्यदेव दुबे यांच्या हाताखाली त्यांचा आवाज घडला. १९७९ मध्ये रंगभूमीसाठी संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला.

मराठी प्रेक्षकांनी त्यांना आधी ओळखले ते जमीनदार म्हणून. विजय तेंडुलकरांच्या लेखणीतून आलेल्या ‘निशांत’मध्ये (१९७५) आणि हंसा वाडकरांच्या आत्मकथनावर आधारित ‘भूमिका’मध्ये (१९७७) ते दिसले. ‘भूमिका’तला त्यांचा काळे आवाजही चढवत नाही, बायकोला घराबाहेर पाऊल टाकू देत नाही, एवढेच. मोगॅम्बोपेक्षा तो जास्त भीतीदायक वाटतो.

१९८४ च्या ‘इंडियाना जोन्स’पटात स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्यासाठी त्यांनी डोके तासले. पुढे ते टक्कल त्यांची ओळखच झाले. २५ मे १९८७ रोजी ‘मिस्टर इंडिया’ आला, तेव्हा त्यावर सोनेरी केसांचा टोप चढला होता. मोगॅम्बोचा भरजरी कोट नागपूरचे माधव अगस्ती यांनी शिवला. कथा-पटकथा सलीम-जावेद यांची. जोडी म्हणून त्यांचा हा शेवटचा चित्रपट.

मग दुसरा मोगॅम्बो चालेल का?

बॅटमॅनच्या जोकरचे उदाहरण समोर आहे. १९८९ मध्ये जॅक निकल्सन, २००८ मध्ये हीथ लेजर, २०१९ मध्ये वाकिन फिनिक्स. प्रत्येकाने जोकर नव्याने उभा केला, आधीच्याची नक्कल केली नाही. मोगॅम्बोबाबत धोका नकलेचाच आहे, कारण त्याचे ते एक वाक्य शाळेच्या स्नेहसंमेलनातही ऐकू येते.

एक गोष्ट मात्र सहसा विसरली जाते. या भूमिकेसाठी आधी अनुपम खेर यांची निवड झाली होती, हे खेर यांनीच सांगितले आहे. त्यांच्या जागी पुरी नंतर आले.