फिप्रोनिलमधील फ्लोरीन आणि आंरी म्वासाँ

भातावरील खोडकिडा, मिरचीवरील फुलकिडे यांसाठी वापरले जाणारे फिप्रोनिल शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहे. त्याच्या रेणूत गंधकाला जोडलेला फ्लोरीनयुक्त गट असतो. हा फ्लोरीन प्रथम वेगळा करणारे शास्त्रज्ञ म्हणजे फ्रान्सचे आंरी म्वासाँ.

त्यांचा जन्म 28 सप्टेंबर 1852 रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील रेल्वेत नोकरीला, आई शिवणकाम करणारी. शालान्त प्रमाणपत्र न मिळवताच म्वासाँ शाळेतून बाहेर पडले आणि औषधाच्या दुकानात शिकाऊ म्हणून लागले. पुढे कृषी रसायनशास्त्रज्ञ देहेराँ यांच्या प्रयोगशाळेत त्यांना काम मिळाले. अंधारात ठेवलेल्या पानांच्या श्वसनावर या दोघांनी 1874 मध्ये संशोधन प्रसिद्ध केले. म्हणजे म्वासाँ यांची सुरुवात वनस्पतींपासूनच झाली.

त्यानंतर ते फ्लोरीनकडे वळले. हे काम जिवावर बेतणारे होते. बेल्जियमचे लुये आणि फ्रान्सचे निक्लेस यांचा याच प्रयत्नात विषबाधेने मृत्यू झाला होता. म्वासाँ यांनाही विषारी वाफांमुळे अनेकदा काम थांबवावे लागले. अखेर 26 जून 1886 रोजी प्लॅटिनमच्या भांड्यात, अतिथंड हायड्रोजन फ्लोराइडमधून वीज सोडून त्यांनी फ्लोरीन वायू मिळवला. मात्र तपासणी समितीसमोर पहिल्या वेळी वायू निघालाच नाही. आम्ल जास्त शुद्ध असल्याने वीज वाहत नव्हती. पोटॅशियमचा क्षार मिसळताच प्रयोग यशस्वी झाला.

1900 मध्ये लबो यांच्यासोबत त्यांनी गंधक आणि फ्लोरीनचा संयोग घडवून सल्फर हेक्झाफ्लोराइड बनवले. हा अतिशय स्थिर वायू आज वीज उपकेंद्रांतील ब्रेकरमध्ये वापरतात. म्वासाँ यांना 1906 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. 20 फेब्रुवारी 1907 रोजी, वयाच्या 54 व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मोकळा फ्लोरीन थेट सोडला तर सेंद्रिय रेणू जळून तुटतो. त्यामुळे नंतरच्या रसायनशास्त्रज्ञांनी आडमार्ग शोधला. तीन फ्लोरीन असलेला कार्बन तयार रूपात घेऊन तो रेणूतील गंधकाला जोडायचा आणि शेवटी गंधकावर ऑक्सिजनचा एकच अणू चढवायचा, ही फिप्रोनिल बनवण्याची एक पद्धत आहे. ऑक्सिजनचा दुसरा अणू चढला की फिप्रोनिल सल्फोन तयार होते.

हेच सल्फोन फवारणीनंतर जमिनीत आणि किडीच्या शरीरातही तयार होते आणि तेही विषारी असते. म्हणून फवारा सुकला की धोका संपला, असे समजू नये. फिप्रोनिल मधमाश्यांना अत्यंत विषारी आहे. पीक फुलोऱ्यात असताना ते फवारू नये. मासे आणि कोळंबीलाही धोका असल्याने उरलेले द्रावण किंवा पंप धुतलेले पाणी ओढ्यात, शेततळ्यात जाऊ देऊ नये. लेबलवर शिफारस असलेल्या पिकांवर, दिलेल्या मात्रेतच वापर करावा. हातमोजे आणि मास्क वापरावा तसेच काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी पाळावा.