विल्यम केरी : लेस्टर येथील पाळकपणाची चार वर्षे

विल्यम केरी हे नाव आमच्या कोल्हापूर भागातील मंडळ्यांस नवे नाही. इंग्लंडातील एक जोडे शिवणारा मनुष्य हिंदुस्थानात आला, श्रीरामपुरास राहिला, आणि त्याने अनेक भाषांत पवित्र शास्त्र छापविले, इतके शब्बाथशाळेतील मूलही सांगते. (हे श्रीरामपूर बंगाल्यातील, हुगळीकाठचे, आपल्या नगरकडचे नव्हे.) मराठी माणसांवर तर ह्या गृहस्थांचे विशेष ऋण आहे. नागपूरकडील पंडित वैजनाथ ह्यांच्या साहाय्याने त्यांनी १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापविले. त्याच वर्षी मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. १८१० साली मोडी लिपीत कोश, व १८११ साली नवा करार. रेव्हरंड वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरास येऊन राहिले, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट होय.

परंतु आज आम्हांस ह्या मोठ्या केरींविषयी लिहावयाचे नाही. ते हिंदुस्थानात येण्यापूर्वी लेस्टर नावाच्या शहरी एका भांडकुदळ मंडळीचे तरुण पाळक होते. चरित्रे लिहिणारे बहुधा ही चार वर्षे दोन ओळींत उरकून जहाजाकडे धाव घेतात. आमच्या मते तेथेच थांबले पाहिजे. कारण मंडळीत दोन तट पडले आहेत, वडील एकमेकांशी बोलत नाहीत, सुगीच्या अर्पणाचा हिशेब कोणी ठेवावा ह्यावरून उपासनेस येणे बंद झाले आहे, आणि पाळक रात्री दिवा मालवून अंथरुणावर बसून राहिला आहे, हे चित्र आमच्या खेड्यांतील कित्येक तरुण बंधूंस परके नाही.

केरींचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी नॉर्थॅम्प्टन परगण्यातील पॉलर्सपरी गावी झाला. वडील आधी विणकर, पुढे गावचे पंतोजी. मुलास जोडे शिवण्याच्या धंद्यात घातले. १७८१ साली डॉरोथी नावाच्या मुलीशी विवाह झाला, १७८३ साली नदीत बाप्तिस्मा झाला. उपदेश करण्याची हौस मोठी, पण आरंभ काही चांगला झाला नाही. १७८५ साली ओल्नी येथील मंडळीपुढे त्यांनी परीक्षेचा उपदेश केला, तो ऐकून मंडळीचे समाधान झाले नाही. त्यांस सेवेकरिता पाठविण्याचा निर्णय पुढे ढकलण्यात आला, आणि संमती मिळावयास जवळजवळ एक वर्ष लागले. तोवर मोल्टन गावची लहानशी मंडळी त्यांनी सांभाळावयास घेतली होती. वेतन इतके तुटपुंजे की शाळा चालवावी, जोडे शिवावे, तेव्हा घरी चूल पेटे. कागदाचे तुकडे जोडून केलेला जगाचा नकाशा भिंतीवर लावून, कोणत्या देशात लोक किती व त्यांचा धर्म कोणता, हे ते त्यावर लिहीत. शेजारपाजारच्यांस हा छंद विचित्र वाटला असल्यास नवल नाही.

१७८९ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, लेस्टर येथील हार्वे लेन मंडळीने त्यांस बोलाविले. शहरची मंडळी, थोडे अधिक वेतन, पुस्तके मिळण्याची सोय; मित्रांस आनंद झाला असेल. आत काय शिजत होते ते मात्र तेथे गेल्यावरच उघडकीस आले. तारण कृपेने झाले आहे, मग आचरण कसेही असले तरी काय बिघडते, ही शिकवण काही सभासदांच्या मनात खोल मुरली होती. दारू पिऊन उपासनेस येणे, खोटे बोलणे, उघड वैर धरणे, हे सर्व त्या शिकवणीच्या पांघरुणाखाली चाले. आणि हे करणारे कोणी कोपऱ्यात बसणारे नव्हते; मंडळीच्या सेवकांतही असे लोक होते. पाळकाने एकास दोष दाखविला की त्याचे सोयरे उठून उभे राहत. दोष न दाखविला तर दुसरा पक्ष म्हणे, पाळक भित्रा आहे. बाप्तिस्ट मंडळ्यांची व्यवस्था अशी की प्रत्येक मंडळी स्वतंत्र; वरच्या सभेकडे दाद मागावी ही सोय नाही. आमच्याकडे पाळकास निदान वरच्या सभेपुढे आपले गाऱ्हाणे नेता येते; केरींस तेवढाही आधार नव्हता. ज्यांच्याशी झगडायचे त्यांच्याच हातून भाकर घ्यायची, असा तो प्रसंग होता.

घरीही उजेड नव्हता. दोन मुली लहानपणीच मातीआड झाल्या. डॉरोथीबाईंस पतीच्या पुस्तकांत व नकाशांत गोडी वाटली नाही, आणि त्याबद्दल त्यांस दोष द्यावा असे आम्हांस वाटत नाही; पोरे, उपास व भाड्याची चिंता त्यांच्याच वाट्यास येई. शिस्त लावण्याचे केरींचे प्रयत्न एकामागून एक फसले. मनुष्याचे धैर्य खचावे ह्यापेक्षा अधिक काय हवे?

ह्या काळात ते काय करीत होते हे त्यांनी आपल्या वडिलांस १७९० साली कळविले, ते पाहण्याजोगे आहे. दिवसा शाळा. सोमवारी प्राचीन भाषांचा अभ्यास व काहीतरी भाषांतर. मंगळवारी इतिहास व शास्त्रे. बुधवारी सायंकाळी प्रवचन, तेही वर्षभर प्रकटीकरणाच्या पुस्तकावर. गुरुवारी लोकांच्या भेटी. शुक्रवार व शनिवार रविवारची तयारी. भांडणास ह्या आठवड्यात वेगळा वार नाही. मंडळी पेटलेली असता सोमवारी ग्रीक व इब्री उघडून बसणारा हा पाळक कोणास निष्ठुर वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. कलहाचा स्वभावच असा की तो पाळकाचे सातही दिवस मागतो, आणि ते दिले की रविवारी लोकांस द्यावयास काही उरत नाही. गुरुवारही ध्यानात ठेवावा. ज्यांच्याशी मतभेद आहे त्यांच्या दारापुढून मान खाली घालून जाण्याचा मोह आमच्या उपदेशक बंधूंस चांगला माहीत आहे.

केरी एकटेही राहिले नाहीत. केटरिंगचे फुलर, नॉर्थॅम्प्टनचे रायलंड, ओल्नीचे सटक्लिफ हे पाळक त्यांचे मित्र होते, व लेस्टरापासून काही मैलांवर आर्न्सबी येथे वृद्ध रॉबर्ट हॉल होते, ज्यांचा शब्द केरी मानीत. मग १७९० साली जे झाले ते असे. मंडळी ठरावाने विसर्जित करण्यात आली. कोणा एकास काढले नाही, कोणत्याही पक्षास विजय दिला नाही; सर्वांचेच सभासदत्व संपले. नंतर एक करार लिहिण्यात आला. नव्या कराराच्या शिकवणीप्रमाणे वागण्यास व शिस्त मानण्यास जे राजी असतील त्यांनी त्यावर सही करावी आणि नव्याने सभासद व्हावे, मग ते मागे कोणत्याही बाजूचे असोत.

हा उपाय धोक्याचा होता हे लपविण्यात अर्थ नाही. कोणीच सही करण्यास पुढे न येते तर मंडळीही गेली असती व पाळकाची भाकरही. आमच्या मंडळ्यांत तो जसाच्या तसा करता येईल असेही आम्ही म्हणत नाही. आमची घटना निराळी आहे, आणि खेड्यात मंडळी म्हणजे बहुधा एकच भावकी असते. कित्येक लोक बाहेर राहिले व त्यांनी काही काळ पाळकास पुष्कळ त्रास दिला. परंतु जे आत आले ते कोणाचा पराभव करून आले नव्हते. हळूहळू शांतता झाली, नवे लोक येऊ लागले. केरींची रीतसर पाळक म्हणून स्थापना २४ मे १७९१ रोजी झाली, म्हणजे ते आल्यास दोन वर्षे होत आली होती. फुलर, रायलंड, सटक्लिफ तिघेही त्या दिवशी हजर होते. वृद्ध हॉल मात्र दोन महिन्यांपूर्वीच वारले होते.

पुढचे सर्वांस ठाऊक आहे. १७९२ च्या मे महिन्यात परदेशांत शुभवर्तमान नेण्याविषयी त्यांचे पुस्तक निघाले, आणि २ ऑक्टोबर रोजी केटरिंग येथे मिशनरी मंडळ स्थापन झाले. त्या दिवशी जमलेले वचन १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स होते. १७९३ साली केरींनी हिंदुस्थानास जाण्याचे सांगितले तेव्हा हार्वे लेनची मंडळी रडली, व तिने त्यांस जाऊ दिले. तीन वर्षांपूर्वी ज्या मंडळीत पाळकास उभे राहणे कठीण होते, तीच ही मंडळी.

लेस्टरात भोगलेले ते श्रीरामपुरास विसरले नसावेत. १८०० साली मार्शमन व वॉर्ड ह्यांच्यासह ते तेथे एकत्र राहू लागले, तेव्हा त्या घरात असा नियम केला की दर शनिवारी सायंकाळी सर्वांनी जमावे, आठवड्यातील कुरबुरी बोलून मिटवाव्या, आणि एकमेकांवर प्रीती करण्याचे पुन्हा कबूल करावे. रविवार उजाडण्यापूर्वी हे उरकावयाचे. तिघांचे सहकार्य मरेपर्यंत टिकले. तरीही कलह त्यांस सुटला असे नाही. मुदनावाटी येथे १७९४ साली पीटर नावाचा मुलगा गेला, तेव्हा खड्डा खणावयास माणूस मिळेना. त्यानंतर डॉरोथीबाईंच्या मनाचा तोल गेला तो १८०७ साली त्या वारेपर्यंत परत आला नाही. आणि १८१७-१८ च्या सुमारास तरुण मिशनरी वेगळे होऊन कलकत्त्यास गेले. १८२७ साली तर इंग्लंडातील मंडळाशीच संबंध तुटला. ह्या वेळी केरी सहासष्ट वर्षांचे होते. पूर्वीप्रमाणेच ते सकाळी बागेत जात, पंडितांबरोबर भाषांतरास बसत. ९ जून १८३४ रोजी ते श्रीरामपुरास निवर्तले.

हार्वे लेनच्या मंडळीने १८०७ साली आर्न्सबीच्या त्या वृद्ध हॉलांच्या पुत्रास, दुसऱ्या रॉबर्ट हॉलांस, पाळक म्हणून बोलाविले. त्यांचा उपदेश ऐकण्यास इतके लोक येऊ लागले की मंदिर वाढवावे लागले.