भास्कराचार्य आणि गाडीभाड्याचे गणित

भास्कराचार्य हे फार मोठे गणिती होऊन गेले. त्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ साली झाला. त्यांच्या वडिलांचे नाव महेश्वर. महेश्वर हे मोठे ज्योतिषी होते आणि भास्कराचार्य त्यांच्याजवळच शिकले. म्हणजे त्यांचे गुरुजी घरातच! आपल्या गावाचे नाव त्यांनी विज्जलविड असे लिहिले आहे आणि ते सह्याद्रीच्या जवळ होते. पुष्कळ लोक म्हणतात की ते गाव म्हणजे आपल्या चाळीसगाव तालुक्यातले पाटण. काही विद्वान दुसऱ्या गावांची नावे सांगतात. मला तर आपलंच वाटतं, कारण त्याचा पुरावा दगडावर आहे. तो पुढे सांगते.

वयाच्या ३६ व्या वर्षी, म्हणजे ११५० साली, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी हा मोठा ग्रंथ लिहिला. त्याचे चार भाग आहेत. पहिला लीलावती, दुसरा बीजगणित, बाकीच्या दोन भागांत ग्रह आणि आकाश यांची माहिती आहे. सगळे संस्कृत श्लोकांत आहे. गणितसुद्धा श्लोकांत! आपल्याला पाढे पाठ करायला कंटाळा येतो, तेव्हाची मुले गणितच पाठ करीत.

लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी होती अशी एक गोष्ट आहे. तिच्या लग्नाचा मुहूर्त पाण्याच्या घटिकेवर बघायचा होता. ती वाकून घटिकेत बघत होती तेव्हा तिच्या अंगावरचा एक मोती आत पडला, भोक बंद झाले आणि मुहूर्त निघून गेला. मग तिचे दुःख कमी व्हावे म्हणून वडिलांनी तिच्या नावाचा ग्रंथ लिहिला. पण ही गोष्ट भास्कराचार्यांनी लिहिलेली नाही. अकबर बादशहाच्या दरबारातल्या फैजीने १५८७ साली लीलावतीचे फारसी भाषांतर केले, त्यात ती आहे. म्हणजे चारशेहून जास्त वर्षांनी. म्हणून मी ती अर्धीच खरी धरते. मात्र ग्रंथातली काही गणिते एका मुलीला विचारली आहेत आणि काही मित्राला, हे खरे आहे. मुलींनाही गणित विचारत, हे मला फार आवडले.

लीलावतीत खांबावरचा मोर आणि बिळाकडे जाणारा साप यांचे गणित आहे, भुंग्यांचे आहे. पण बाईंनी सांगितलेल्यांपैकी मला गाडीचे गणित सगळ्यात आवडले. ते असे आहे.

लाकडाच्या ३० मोठ्या फळ्या आहेत. प्रत्येक फळी १२ अंगुळे जाड, १६ अंगुळे रुंद आणि १४ हात लांब. त्या १ गव्यूती लांब न्यायचे गाडीभाडे ८ द्रम्म पडते. गव्यूती म्हणजे २ कोस आणि द्रम्म हे तेव्हाचे नाणे. आता दुसऱ्या १४ फळ्या आहेत. त्यांची जाडी, रुंदी आणि लांबी ४-४ ने कमी आहे. म्हणजे ८ अंगुळे जाड, १२ अंगुळे रुंद, १० हात लांब. त्या ६ गव्यूती न्यायच्या आहेत. तर भाडे किती?

पाच गोष्टी एकीकडे, पाच गोष्टी दुसरीकडे आणि भाडे ही अकरावी. म्हणून याला एकादशराशिक म्हणतात. नाव ऐकून घाबरू नका. एका बाजूला १२, १६, १४, ३० आणि १ यांचा गुणाकार. दुसऱ्या बाजूला ८, १२, १०, १४ आणि ६ यांचा. दोन्हीकडे १२ आहेत ते काढून टाका. दोन्हीकडे १४ आहेत तेही काढून टाका. राहिले १६ गुणिले ३० म्हणजे ४८०. आणि तिकडे ८ गुणिले १० गुणिले ६ म्हणजे पण ४८०! दोन्ही सारखेच. म्हणून भाडे तेवढेच, ८ द्रम्म. पाटी लागत नाही, तोंडी होते.

वर्गात काही मुले म्हणाली की लहान फळ्यांना मोठ्या फळ्यांएवढे भाडे कसे? तेव्हा बाईंनी फळ्यावर गाडी काढली आणि सांगितले की समजा या गाडीत लहान फळ्या १४ च मावतात, एकही जास्त नाही. मग मोठ्या किती मावतील? मी गुणाकार केला. १४ लहान फळ्यांचे लाकूड बरोबर ५ मोठ्या फळ्यांएवढे होते. म्हणजे ३० मोठ्या फळ्यांना ६ खेपा लागतात. प्रत्येक खेप १ गव्यूती, तर भरलेली गाडी एकूण ६ गव्यूती चालली. लहान फळ्यांची खेप एकच, पण ती ६ गव्यूती लांब. मग बैल तेवढेच चालले की! रिकामी गाडी परत आणायची धरली तरी दोन्हीकडे १२ गव्यूती होतात. भास्कराचार्यांनी खेपा सांगितलेल्या नाहीत, पण खेपा करून बघितले की उत्तर डोळ्यांना दिसते.

आमचे आजोबा पूर्वी बैलगाडीने कापूस न्यायचे. त्यांना मी हे सांगितले तर ते म्हणाले की बैलाला हे गणित न शिकवता येते.

माझा मामा मुंबईला घाटकोपरला राहतो. त्याचा छोटा टेम्पो आहे. तो सुतारकामाच्या फळ्या, प्लायवूड, कपाटे पोचवतो. दिवाळीच्या सुट्टीत मी तिकडे गेले होते तेव्हा एका गिऱ्हाइकाबरोबर त्याची भाड्यावरून बोलाचाली झाली. त्या माणसाच्या फळ्या मामाने आधी घाटकोपरहून कांजूरमार्गला नेल्या होत्या. टेम्पोत सगळ्या मावत नव्हत्या म्हणून २ खेपा झाल्या होत्या. आता त्याच्या निम्म्या फळ्या मुलुंडला न्यायच्या होत्या, म्हणजे १ खेप. गिऱ्हाईक म्हणत होता की माल निम्मा तर भाडे निम्मे. मामा सांगत होता की मुलुंड लांब आहे, डिझेल कोण देणार? पण त्याला नीट पटवून देता येईना, तो नुसताच चिडत होता. मामीने मला सांगितले होते की महिनाअखेर टेम्पोचा हप्ता भरायचा आहे.

मी मामाला अंतर विचारले. कांजूरमार्ग साधारण ६ किलोमीटर आणि मुलुंड साधारण १२ किलोमीटर. मी वहीच्या कागदावर लिहिले, २ खेपा गुणिले ६ बरोबर १२. खाली लिहिले, १ खेप गुणिले १२ बरोबर १२. तो माणूस कागदाकडे बघत राहिला. मग हसला आणि मागच्याएवढे भाडे द्यायला तयार झाला. पण त्याने एक बरोबर गोष्ट सांगितली. २ खेपांना फळ्या दोनदा चढवाव्या आणि दोनदा उतरवाव्या लागतात, आता एकदाच. म्हणून हमाली निम्मी. मामाने ते ताबडतोब मान्य केले. लीलावतीच्या त्या गणितात हमाली नाही, नुसते गाडीभाडे आहे. असती तर उत्तर ८ आले नसते, मोठ्या फळ्यांचा खर्च जास्त आला असता.

भास्कराचार्य म्हातारपणीही लिहीत होते. ६९ व्या वर्षी, ११८३ साली, त्यांनी करणकुतूहल हा ग्रंथ लिहिला. त्यात ग्रहांची गणिते सोप्या रीतीने करायला शिकवले आहे.

त्यांचा मुलगा लक्ष्मीधर आणि नातू चंगदेव. चंगदेव हा यादवांच्या सिंघण राजाचा ज्योतिषी होता. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ काढला. १२०७ सालचा त्याचा शिलालेख आहे. लक्ष्मीधराला जैत्रपाल राजाने या गावातून दरबारी नेले असे त्यात कोरले आहे. हाच तो माझा पुरावा. भास्कराचार्यांचे घर इथे नसते तर मुलगा इथून कसा गेला असता?

लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि त्यात बाजाराचा हिशोब आहे. मठ चालवायचा तर खर्च येणारच. म्हणून बाजारात जो माल उघडेल त्याच्यावरचा थोडा कर मठाला, गिऱ्हाइकाकडून ५ सुपाऱ्या, आणि जेवढे तेलाचे घाणे चालतील तेवढ्यांकडून पळी पळी तेल. मला वाटते त्या तेलाच्या दिव्यावर मुले लीलावती पाठ करीत असतील.

पुढे तो लेख लोक विसरून गेले. मुंबईचे डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनी तो शोधून वाचला आणि त्याची माहिती १८६५ साली छापली. १९७९ साली आकाशात सोडलेल्या भारताच्या उपग्रहाचे नाव भास्कर होते.

आता मित्रांनो आणि पालकांनो, एक गणित तुम्हाला. गाडी तीच, लहान फळ्या १४ च मावतात. १ खेप ६ गव्यूतीला ८ द्रम्म. तर ४२ लहान फळ्या ४ गव्यूती न्यायचे भाडे किती? उत्तर कागदावर लिहून बाईंच्या टेबलावर ठेवा. हमाली धरू नका.